दातांवरचा आळ

वायरकाकूंना वायरकाकू हे नाव कोणी ठेवलं, याबद्दल स्टुडिओत दोन मतं होती. मालक म्हणत, मी ठेवलं. दाढीवाला रेकॉर्डिस्ट म्हणे, छे, मी नोकरीला लागलो तेव्हा मालकसुद्धा त्यांना दबकूनच हाक मारायचे, नाव कसलं ठेवतायत. काकू या वादात पडत नसत. गळ्यात कायम हातभर वायर लोंबत असते, तेव्हा नाव कोणीही ठेवलेलं असो, चुकलेलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. वय सत्तावन्न, चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावर जास्त, आणि खिशात टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि दातांचे डॉक्टर वापरतात तसला लांब दांडीचा छोटा गोल आरसा. यंत्रांच्या रॅकमागे जिथे माणसाचं डोकं शिरत नाही, तिथे त्या तो आरसा सारत आणि कुठली केबल कुठे खुपसली आहे ते बघून घेत.

त्यांचे वडील घड्याळजी. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर वडिलांनी उभं राहायचं आणि वडील बसले तर गिऱ्हाइकाने पायरीवर थांबायचं. भिंतीवर दुरुस्तीला आलेली तीसेक घड्याळं, आणि वेळ किती झाली याबाबत एकाचं दुसऱ्याशी पटत नसे. वडील रोज रेडिओवरच्या ठोक्याला काउंटरवरचं एकच घड्याळ लावत आणि बाकीची सगळी त्या एकावरून. काकू तेव्हा नऊ वर्षांच्या. एकदा वडील बाहेर गेले असताना मदत करायची म्हणून त्यांनी अख्खी भिंत लावून टाकली. पण पहिल्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, अशी. स्टुलावर चढायला, उतरायला वेळ लागत होता, प्रत्येक वेळी थोडंथोडं चुकत होतं, आणि शेवटच्या घड्याळापर्यंत पोचेतो चौदा मिनिटांचा घोळ झाला. वडील रागावले नाहीत. म्हणाले, "वेळ शेजाऱ्याला विचारायची नसते गं. सगळ्यांनी मिळून एकालाच विचारायची."

पुढे काकूंनी पॉलिटेक्निक केलं, आठ वर्षं रेडिओ दुरुस्त केले आणि मग या स्टुडिओत आल्या त्या आल्याच. तेव्हा इथे टेपची मोठमोठी यंत्रं होती. ती जाऊन नवी यंत्रं आली, तेव्हा जुन्या लोकांनी हाय खाल्ली. टेप फिरताना दिसते तरी, या डब्यांत काय चाललंय ते कळायचं कसं? काकू मात्र माहेरी आल्यासारख्या खूश झाल्या. कारण प्रत्येक डब्याच्या पोटात त्यांना एक घड्याळ सापडलं.

ते असं. नवं यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करतं, सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार. हे तुकडे मोजून पुढच्या यंत्राला द्यायचे आणि पुढच्याने ते मोजून घ्यायचे. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं घड्याळ एकाच चालीने चाललं तर सगळं गोड. पण दोन घड्याळं कधी तंतोतंत सारखी चालली आहेत का? एक यत्किंचित पुढे पळतं, दुसरं मागे रेंगाळतं, आणि थोड्या वेळाने एखादा तुकडा हातातून निसटतो. तो निसटला की 'टक' असा आवाज येतो. म्हणून एका यंत्राला मास्टर करायचं, त्याचं घड्याळ एका केबलीतून सगळ्यांकडे न्यायचं आणि बाकीच्यांना सांगायचं, बाबांनो, आपापली घड्याळं गुंडाळून ठेवा आणि याच्या ठेक्यावर चाला. स्टुडिओत ही गोष्ट पुरती कळणारं माणूस एकच, ते म्हणजे काकू. मालकांची समज 'हिरवा दिवा लागला म्हणजे ठीक' इथे येऊन थांबत असे, आणि काकूंनीही ती कधी पुढे ढकलली नव्हती.

एका मंगळवारी छोट्या खोलीसाठी नवा डबा आला. स्टुडिओत दोन खोल्या. मोठीत वाद्यवाले बसत. छोटीत एकट्यादुकट्याने बोलायचं, वाचायचं काम. काकूंनी डबा रॅकमध्ये बसवला, मागे केबली जोडल्या, मास्टरकडून आलेली घड्याळाची केबलही जोडली, आणि एवढ्यात जावयाचा फोन आला. लेकीला दवाखान्यात नेलं होतं. तारखेला अजून बारा दिवस होते, पण बाळाने तारीख वाचलेली नसावी. काकूंनी डब्याच्या तोंडाकडे एक नजर टाकली, हिरवा दिवा दिसला, आणि गळ्यातली वायरसुद्धा न काढता त्या धावल्या. लेकीच्या गावी पोचेपर्यंत नात जन्मलीही होती. काकूंनी तीन आठवड्यांची रजा कळवून टाकली.

त्या छोट्या खोलीत तेव्हा फलाटआजोबांचं काम चालू होतं. आजोबा शहात्तर वर्षांचे. बत्तीस वर्षं त्यांनी रेल्वे स्टेशनवर घोषणा केल्या होत्या. गाडी कुठल्या फलाटावर येणार, किती उशिराने येणार, हे ते अशा आवाजात सांगत की दोन तास उशीर ऐकूनही लोकांना आपला मान राखल्यासारखं वाटे. निवृत्तीनंतर ते, ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून देऊ लागले. यंदाची कादंबरी बेचाळीस प्रकरणांची होती, आणि आजोबा तिच्यात पार बुडालेले होते. खलनायकाचा इतका राग आला होता, की घरी जेवताना आजींना त्याच्या तक्रारी सांगत.

बाविसाव्या प्रकरणापासून तक्रार आली. ग्रंथालयात एक तपासनीस बाई होत्या. त्या जन्मापासून अंध. ग्रंथालयात येणारं प्रत्येक रेकॉर्डिंग आधी त्यांच्या कानाखालून जाई. त्यांनी कळवलं, की वाचन छान, पण मधूनमधून 'टक' असा आवाज येतो आहे, तेवढा बघावा.

दाढीवाल्याने हेडफोन लावले आणि बघितलं. टक होती खरी. त्याने नीट कान दिला तेव्हा त्याला एक गोष्ट आढळली आणि तिथेच सगळं बिघडलं. आजोबा बोलत असले की टक येई. आजोबा श्वास घ्यायला थांबले, पान उलटलं, पाणी प्यायले, की टक गायब. मोठ्या खोलीतल्या वाद्यांना तर तिचा स्पर्शही नव्हता. म्हणजे टक यंत्रातून येत नाही, आजोबांकडून येते. दाढीवाला हुशार होता. फक्त त्याची हुशारी पहिल्या फाट्यावरच वळत असे.

मग त्याने आजोबांचं घड्याळ काढून ठेवलं. सदऱ्याचं वरचं बटण तपासलं. खुर्ची बदलली. प्रत्येक पानाआधी ओठ ओले करायला लावले. एवढं करून टक आपली होती तिथेच. आता राहिलं काय, तर तोंड. आणि आजोबांच्या तोंडात दोन्ही कवळ्या होत्या, वरची आणि खालची.

हे आजोबांना सांगायचं कोणी? दाढीवाल्याने मालकांकडे बोट दाखवलं, मालकांनी घसा खाकरला आणि आजोबांऐवजी आजींना फोन केला. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी दहा वर्षं सांगतेय, जेवताना ती कवळी वाजते म्हणून, पण माझं कोण ऐकतंय. झालं. घरची साक्ष मिळाली, खटला निकालात निघाला.

आजोबा मानी, पण पुस्तकासाठी ते गप्प राहिले. दातांच्या डॉक्टरांकडे गेले, कवळी घासून आणि घट्ट करून आणली, आणि दुसऱ्या दिवशी वाचायला बसले. योगायोग असा, की त्या दिवशी छोट्या खोलीचा एसी बंद पडला होता. आजोबांनी अख्खं प्रकरण घामाघूम होऊन वाचलं, आणि टक नाही! म्हणजे शोधून एखादी सापडली असती, पण शोधतो कोण. मालकांनी त्या डॉक्टरांचं इतकं कौतुक केलं, की स्वतःची दाढ दाखवायची वेळ ठरवून टाकली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, पण कावळ्याचा सत्कार झाला.

दुसऱ्या दिवशी एसी दुरुस्त झाला आणि टक परत आली.

आता आजोबांनी निर्वाणीचा उपाय केला. दोन्ही कवळ्या काढून डबीत ठेवल्या आणि तसेच वाचायला बसले. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग दाढीवाल्याने पुसून टाकलं, पण ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात. खलनायक नायिकेला धमकी देतो असा प्रसंग होता. दातांविना तो इतका प्रेमळ झाला, की नायिकेने त्याचं ऐकावं असंच कोणालाही वाटावं. आणि एवढ्यावरही टक होतीच. तेव्हा तरी दाढीवाल्याने शहाणं व्हायचं. पण त्याने मान हलवली आणि म्हणाला, म्हणजे जबड्याचा सांधा असणार.

आजोबांनी दात लावले, टोपी घातली आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी मालकांच्या टेबलावर त्यांची चिठ्ठी आली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'कळवण्यास अत्यंत खेद होतो, की रोज सकाळी दहा वाजता छोट्या खोलीत येणारा आवाज अनिश्चित काळासाठी रद्द करण्यात आला आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

वायरकाकू रजेवरून परतल्या त्या या बातमीत. दाढीवाल्याने सगळी कथा साग्रसंगीत सांगितली, दातांविनाच्या खलनायकाची नक्कलही केली. काकू इतक्या हसल्या, की चष्मा कपाळावरून घसरून आपणहून डोळ्यांवर आला. आपल्या खिशातला आरसा काढून त्या म्हणाल्या, मी असते तर यानेच तपासलं असतं. सगळे पुन्हा हसले. काकूंना त्या रात्री हे आपलं वाक्य आठवलं, तेव्हा जीभ चावावीशी वाटली. पण ते नंतर.

दुपारी तपासनीस बाईंचा फोन आला. त्यांना खरं तर मालक हवे होते, पण मालक दाढ दाखवायला गेले होते. बाईंनी विचारलं, मालकांनी 'आवाज रद्द' असं कळवलंय म्हणजे काय, आजोबा आजारी आहेत का? काकूंनी दातांची हकीगत सांगितली. मग बाई म्हणाल्या, "दात असे मोजूनमापून वाजतात का हो?"

काकूंनी विचारलं, म्हणजे कसे?

बाई रेकॉर्डिंग ऐकताना विणकाम करत. हातांना सवय, टाके आपोआप मोजले जात. त्यांनी सांगितलं, की सकाळी वाचलेल्या प्रकरणांत टक दर सात टाक्यांना येते आणि जेवणानंतरच्या प्रकरणांत दर नऊ टाक्यांना. आजोबा मध्ये थांबले तर ती ऐकू येत नाही. पण ते पुन्हा बोलायला लागले, की बरोबर जिथे पडायला हवी तिथेच पडते. जणू ते गप्प असतानाही ती आपली मोजत बसलेली असते.

काकू फोन धरून तशाच उभ्या राहिल्या. आता हसू कुठच्या कुठे गेलं होतं. माणसाचे दात कसेही वाजोत, पण माणूस गप्प असताना मोजत बसत नाहीत. मोजत बसतं ते घड्याळ. आणि निसटलेला तुकडा शांततेतला असेल तर कोणाला ऐकू येणार? शांततेतून शांतता वजा केली तर उरते शांतताच. म्हणून तर टक फक्त बोलण्यात सापडत होती. सकाळी सात, दुपारी नऊ, हेही सरळ होतं. खोली गार-गरम झाली, की घड्याळाची चाल बदलते, हे त्यांनी वडिलांच्या दुकानात फ्रॉकात असताना पाहिलं होतं. आणि एसी बंद पडला त्या दिवशी दोन घड्याळांची चाल जवळजवळ जुळली असणार.

बाईंचे आभार मानून त्यांनी फोन ठेवला आणि छोट्या खोलीत गेल्या. माइक काढून त्या जागी एक सरळ, एकसुरी शिट्टीसारखा आवाज देणारं यंत्र जोडलं. त्याला दात नव्हते, जबडा नव्हता, आजी नव्हती. काकूंनी हेडफोन लावले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. बारा सेकंदांनी टक. आणखी बारा सेकंदांनी टक.

मग खिशातला आरसा निघाला. नव्या डब्याच्या मागे, केबलींच्या जंजाळात, नखाएवढी एक कळ होती. तिच्या एका बाजूला 'आतलं घड्याळ' आणि दुसऱ्या बाजूला 'बाहेरचं' असं लिहिलेलं. कारखान्यातून येताना ती आतल्या घड्याळावर असते. जोडणाऱ्याने बाहेरच्यावर करायची. आरशात सगळं उलटं दिसतं म्हणून काकूंनी दोनदा खात्री केली. कळ आतल्या घड्याळावर होती. केबलीतून मास्टर बिचारा घसा फोडून ठेका देत होता आणि डबा आपल्याच तालात चालला होता. एका म्यानात दोन तलवारी. हिरवा दिवा लागला होता, पण तो दिवा एवढंच सांगतो, की माझं बरं चाललंय. कोणाबरोबर, ते सांगत नाही. आणि डबा जोडणारं माणूस दुसरं कोणी नव्हतं.

काकूंनी बोटाने कळ सरकवली. शिट्टी दहा मिनिटं अखंड वाजली. टक नाही.

त्या उठतायत तोच दाढीवाला आला. त्याने माइक परत लावला, स्वतः समोर बसून कादंबरीचं पानभर वाचलं, ऐकलं, आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "बघा. आजोबा नाहीत, तर टक नाही. माझे बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत."

हा क्षण काकूंना पुढे बरेच दिवस टोचत राहिला. सांगायचं तर तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण इतकी वर्षं या इमारतीत घड्याळाचा शब्द म्हणजे काकूंचा शब्द. तीन आठवडे एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात सगळ्यांनी नाक खुपसलं आणि घोटाळा आपल्या हाताचा, हे ओठांवर येईना. कोणाला कधी कळणारही नव्हतं. कळ सरकली, टक गेली, दात बदनाम झाले ते झाले. त्या "हं" म्हणाल्या आणि केबली गुंडाळायला लागल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोर केबली गुंडाळत उभा होता.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा कमी बोलणारा, वाळलेले कपडे घड्या करत बसला होता. काकूंनी आधी बाळंतपणाची घाई सांगितली, मग कळ किती बारीक असते ते सांगितलं, मग कारखानेवाल्यांनी ती मागे का बसवावी हे विचारलं. नवऱ्याने सगळं ऐकलं. काकू शेवटी म्हणाल्या, उद्या फोन करून सांगते आजोबांना. नवऱ्याने हातातला टॉवेल घडी करून ठेवला आणि विचारलं, "फोन कशाला? चालत वीस मिनिटांवर राहतात ना?"

सकाळी काकू गेल्या. आजोबांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दार आजींनी उघडलं. आजोबा खिडकीपाशी बसले होते. आजी हळूच म्हणाल्या, की चिठ्ठी पाठवल्यापासून घरात मोजकं बोलणं चालू आहे. चहा हवा असला तर कप पुढे सरकवतात. आणि जेवताना कवळी वाजू नये म्हणून फक्त पातळ पदार्थ खातायत. काकूंनी वाटेत चांगली प्रस्तावना जुळवली होती, ती सगळी त्या विसरल्या.

"आजोबा, टक तुमची नव्हती," त्या म्हणाल्या. "माझी होती. यंत्र मी चुकीचं जोडलं होतं."

आजोबांनी मान वळवली. मग आजींकडे हात करून म्हणाले, "पुन्हा सांगा. जरा मोठ्याने. हिला नीट ऐकू गेलं नसेल."

काकूंनी पुन्हा सांगितलं. आजी म्हणाल्या, जेवताना मात्र वाजते हं. तेवढं ते काकूंच्या माथी मारू नका. आजोबांनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांना आता सगळं समजून घ्यायचं होतं. काकूंनी तुकडे, घड्याळ, मास्टर असं सुरू केलं, पण आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत चालल्या. तेव्हा काकूंनी विचारलं, तुम्ही दोघं फिरायला जाता का? जातो की, रोज. मग पावलाला पाऊल जुळतं का? आजी म्हणाल्या, कुठलं, हे रेंगाळतात. थोडं गेलं की मागे पडतात, आणि मग एक उडी मारल्यासारखं पाऊल टाकून मला गाठतात.

"ती उडी," काकू म्हणाल्या, "ती म्हणजे टक."

आजोबा सरळ होऊन बसले. आपण रेंगाळतो हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते आजी पळतात. पण गोष्ट लक्षात आली होती. त्यांनी विचारलं, मग दोघांपैकी कोणी कोणाच्या पावलावर चालायचं, ते ठरवतं कोण? आजींनी या प्रश्नाला उत्तर देण्याचीही गरज मानली नाही, त्या चहा टाकायला आत गेल्या. काकू म्हणाल्या, तेच ठरवायचं मी विसरले.

आजोबा परत यायला तयार झाले, एका अटीवर. माफी नको. पण टक कोणाची होती हे सगळ्यांसमोर सिद्ध व्हायला हवं. कसं, ते दोघांनी चहा पिताना ठरवलं, आणि आजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सोमवारी दहाला दोन मिनिटं असताना आजोबा स्टुडिओत हजर झाले. स्टेशनवरची सवय. मालकांनी पुढे होऊन स्वागत केलं. मालकांची दाढ काढलेली होती आणि गाल सुजलेला होता, त्यामुळे भाषण थोडक्यात आटोपलं. काकूंनी दाढीवाल्याला सांगितलं, आजोबा बसायच्या आधी तू जरा पानभर वाच, मला आवाज बघून घेऊ दे. दाढीवाला खुशीने माइकसमोर जाऊन बसला. तो वाचायला लागण्याआधी काकूंनी रॅकमागे हात घालून ती कळ उलटी सरकवली होती.

कंट्रोल रूममध्ये मालक, काकू आणि आजोबा. काचेपलीकडे दाढीवाला नायिकेचं दुःख वाचत होता. टक. मालकांनी सुजल्या गालाने काकूंकडे पाहिलं. सकाळची वेळ, म्हणून नऊच सेकंद. टक. दाढीवाल्याला हेडफोनमध्ये ऐकू आली असावी, तो अडखळला, जिभेने एकेक दात चाचपला आणि पुढे वाचू लागला. टक. आजोबांनी पुढे वाकून, आत बोलायचं बटण दाबलं. बत्तीस वर्षांच्या सरावाने त्यांचा आवाज त्या काचेच्या खोलीत घुमला.

"कृपया लक्ष द्या. वाचकांनी आपले दात तपासून घ्यावेत."

दाढीवाल्याचा चेहरा काचेतून पाहण्यासारखा झाला. मग काकूंनी सगळं सांगितलं, कळीपासून काल-परवाच्या "हं"पर्यंत, काहीही राखून न ठेवता. मालकांना त्यातलं एवढंच कळलं, की आपली दाढ फुकट गेली. ती तशी ठीक होती की नाही, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दाढीवाला बाहेर आला आणि आजोबांसमोर येऊन उभा राहिला. आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जबड्याचा सांधा जपा. एवढ्यावर ते प्रकरण मिटलं. काकूंवर मात्र कोणी रागावलं नाही याचंच काकूंना अवघडल्यासारखं झालं. रागावले असते तर फिट्टंफाट झाली असती.

टक शिरलेली नऊ प्रकरणं पुन्हा वाचावी लागली. पण झाला तो फायदाच. आजोबांना तीन आठवडे आपल्यावर खोटा आळ आल्याचा अनुभव ताजा होता, आणि कादंबरीच्या तेविसाव्या प्रकरणात नायकावर चोरीचा आळ येतो. ते प्रकरण त्यांनी असं वाचलं, की दाढीवाला मध्येच मान खाली घालून कसलीतरी बटणं पुसत बसला. तपासनीस बाईंनी कळवलं, वाचन निर्दोष आहे. फक्त तेविसावं ऐकताना टाके मोजायचे राहिले, त्यामुळे एक बाही लांब झाली आहे.

काकूंनी त्यानंतर एक केलं. पुन्हा कोणी घाईत असेल, आपणच असू, म्हणून मास्टर यंत्रावर त्यांनी कागदाची एक पट्टी चिकटवली. मास्टरचं सोपं मराठी करून जाड अक्षरात लिहिलं: 'मालक एकच. बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालावं.' आठवडाभराने मालक त्या बाजूने जात होते. त्यांनी पट्टी वाचली, थांबले, पुन्हा वाचली. कोणी लिहिली ते विचारलं नाही. पण इतकी वर्षं आपण या माणसांना ओळखलंच नाही, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला, आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः ती पट्टी काढून, छान मोठ्या अक्षरांत छापून, लॅमिनेट करून घेऊन आले. आता ती स्टुडिओच्या दारात शिरल्याबरोबर समोर दिसते. काकू तिच्याखालून रोज जातात आणि त्यांनी अजून कोणालाही काही सांगितलेलं नाही.